जपानमध्ये मोठा भूकंप झाला, आता भारतात परत जायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमध्ये जमीन जोरात हलली की दोन दिवसांत हे प्रश्न यायला लागतात. मार्च २०११ मध्ये ईशान्येकडच्या भूकंप-त्सुनामीनंतर आले, २०१६ साली कुमामोतोनंतर आले, २०२४ च्या एक जानेवारीला नोतो हादरलं तेव्हा आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नानकाई ट्रफबद्दलची (दक्षिणेकडच्या समुद्रातला, महाभूकंपाची भीती असलेला पट्टा) सूचना निघाली तेव्हा टोकियोत एक कपही फुटला नव्हता, तरी आले. विचारणारे बहुतेक नोकरी किंवा शिक्षणासाठी इथे आलेले आपले लोक, नाहीतर भारतात बसलेले त्यांचे आईवडील. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी केलं आहे. कायदे आणि मुदती बदलत असतात, म्हणून विमानतळावर निघण्याआधी इमिग्रेशनची ताजी माहिती एकदा पाहून घ्याच.

१. थोडक्यात सांगा: जावं की थांबावं?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फक्त एवढंच ठरवा की काही दिवस इथून बाहेर पडायचं का. कायमचं परतायचं का, हा प्रश्न त्या काळात हातातच घेऊ नका.

हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला जिवाच्या सुरक्षिततेचा. तो अपुऱ्या माहितीवर, पटकन घ्यावा लागतो, आणि चुकला तरी फार तर तिकिटाचे पैसे जातात. दुसरा पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा. त्याला झोप झालेलं डोकं लागतं. २०११ साली अनेकांनी दोन्हींची गल्लत केली. कुणी विमानतळावरून ईमेलने राजीनामा दिला, तिथेच रेसिडेन्स कार्ड (जपानमध्ये राहण्याच्या परवानगीचं ओळखपत्र) परत केलं, आणि उन्हाळ्यात परत यावंसं वाटलं तेव्हा सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करत बसला. कुणी याच्या उलट केलं. चार दिवस ओसाकाला जाणंही ‘पळून जाणं’ वाटल्याने तान्ह्या मुलासह थांबून राहिला. दोघांचेही हाल झाले. बाहेर पडा, पण परतीची वाट उघडी ठेवून पडा. या पानावरची बरीचशी उत्तरं ती वाट उघडी कशी ठेवायची याबद्दलच आहेत.

२. धोका माझ्या घरापर्यंत आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

आधी मॅग्निट्यूड बाजूला ठेवा आणि शिंदो पाहा. मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाची एकूण ताकद. शिंदो म्हणजे तुमच्या गावात जमीन प्रत्यक्ष किती हलली ते. जपानी मोजणीत तो ० ते ७ असतो. ‘नऊचा भूकंप’ ऐकून भारतातले नातेवाईक हादरतात, पण तुमच्या वॉर्डात शिंदो ४ असेल तर बहुधा कपाटावरच्या वस्तू हलल्या, एवढंच. शिंदो ६ किंवा त्याच्या वर असेल तर इमारतीची काळजी खरी.

मग इमारतीचं वय. जून १९८१ नंतरच्या भूकंपरोधक नियमांनुसार बांधलेली इमारत आणि त्याआधीची, यांत मोठा फरक आहे. लाकडी घर असेल तर २००० सालची सुधारणाही महत्त्वाची. भाडेकरार करताना मिळालेल्या कागदांत बांधकामाचं वर्ष असतं.

तिसरी गोष्ट जमीन. २०११ साली टोकियोला लागून असलेल्या उरायासूमध्ये भराव घातलेली जमीन पातळ झाली, रस्ते खचले, नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बंद पडल्या. पलीकडे एदोगावा वॉर्डात, म्हणजे निशी-कासाईला, आपली वस्ती मोठी आहे. तो भाग सखल आहे आणि वॉर्डाचा पुराचा नकाशाच सांगतो की मोठ्या पुराच्या वेळी इथे थांबू नका. आपल्या वॉर्डाचा हझार्ड मॅप, म्हणजे धोक्याचा नकाशा, प्रत्येकाने एकदा तरी उघडून आपली इमारत त्यावर शोधली पाहिजे. टीव्हीवर दिसणाऱ्या दृश्यांपेक्षा तो नकाशा तुमच्याबद्दल जास्त सांगतो.

३. याहून मोठा धक्का येणार आहे का?

येऊ शकतो. १४ एप्रिल २०१६ च्या रात्री कुमामोतोत ६.५ चा भूकंप झाला. सगळ्यांना वाटलं, झालं ते झालं, आता फक्त छोटे धक्के. काही लोक घरी झोपायला परतले. १६ तारखेच्या पहाटे ७.३ चा आला, आणि माशिकी गावाने दोन्ही वेळा शिंदो ७ सोसला. तेव्हापासून जपानचं हवामान खातं ‘हे उत्तरकंप आहेत’ असा दिलासा देत नाही. साधारण आठवडाभर तेवढ्याच ताकदीच्या धक्क्याची तयारी ठेवा, असं सांगतं.

तो आठवडा महत्त्वाचा. घराला तडे गेले असतील तर त्या काळात आत झोपू नका. घर धड असेल तर बाहेर धावण्याचं कारण नाही.

नानकाई ट्रफची सूचना वेगळी. ८ ऑगस्ट २०२४ ला ह्यूगानादा या क्यूशूजवळच्या समुद्रातल्या ७.१ च्या भूकंपानंतर ती पहिल्यांदा निघाली आणि आठवड्याने संपली. तिचा अर्थ ‘महाभूकंप येणार’ असा नव्हता. अशा प्रसंगानंतर आठवड्याभरात महाभूकंप होण्याची शक्यता काही शेकड्यांत एक, असं खात्याने सांगितलं होतं. नेहमीपेक्षा जास्त, पण तरीही कमीच. एवढ्यावरून बिऱ्हाड हलवू नये. पाणी भरून ठेवावं, कपाटं भिंतीला बांधावीत.

४. आई रोज फोनवर रडते. ‘सगळं सोडून ये’ म्हणते. तिला काय सांगू?

‘काळजी करू नकोस’ एवढं सांगून काहीच होत नाही. तिच्या समोरच्या टीव्हीवर तीच लाट दिवसातून पन्नास वेळा येते आहे, आणि तिच्या लेखी तुम्ही त्या लाटेच्या काठावर उभे आहात.

माहिती द्या, पण थोडी आणि नेमाने. नकाशावर घटनेची जागा आणि तुमचं घर दाखवा, मधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगा. रोज ठरलेल्या वेळी फोन करा. ‘लाइन लागली नाही तर घाबरू नकोस, मी अमुक ठिकाणी निरोप ठेवेन’ हे आधी सांगून ठेवा. आणि सगळ्यात उपयोगी पडतं ते असं वाक्य: ‘अमुक झालं तर आम्ही त्याच दिवशी निघू.’ स्थलांतराचा आदेश आपल्या भागाला लागू झाला, नळाचं पाणी बंद झालं, कंपनीने ऑफिस हलवलं, अशा दोन-तीन स्पष्ट अटी तिला सांगा. तुम्ही विचार केलेला आहे हे कळलं की तिचा जीव थोडा भांड्यात पडतो. अशा अटी लिहून ठेवल्याने तुमचाही फायदा होतो. रात्री दोन वाजता धक्क्याने जाग आल्यावर नव्याने विचार करावा लागत नाही.

तरीही तिचं समाधान झालं नाही, आणि सुटी मिळत असेल, तर आठ दिवस जाऊन या. आईसाठी जाणं हे पुरेसं कारण आहे, त्याला दुसरा दाखला लागत नाही.

५. अणुभट्टीची बातमी आली तर? तेव्हा तरी लगेच निघायलाच हवं ना?

अंतरावर आणि वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून आहे. फुकुशिमा दाइइचीभोवतीचं स्थलांतराचं वर्तुळ ११ मार्च २०११ च्या रात्री ३ किलोमीटर होतं. दुसऱ्या दिवशी ते आधी १० आणि मग २० झालं. १५ तारखेला २० ते ३० किलोमीटरमधल्या लोकांना घरातच राहायला सांगितलं गेलं. अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर जायला सांगितलं. टोकियो सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एप्रिलमध्ये अपघाताची पातळी ७ ठरवली गेली, म्हणजे मोजपट्टीवरची सर्वांत वरची, पण त्यामुळे टोकियो राहण्याजोगं उरलं नाही असं झालं नाही.

मात्र ‘टोकियोला काहीच झालं नाही’ हेही खरं नाही. २३ मार्चला कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किलोमागे २१० बेकेरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सारी आयोडीन सापडलं. तान्ह्या बाळांसाठीची मर्यादा १०० होती. बाळांना नळाचं पाणी देऊ नका, असं जाहीर झालं आणि दुकानांतल्या बाटल्या संपल्या. दुसऱ्या दिवशी प्रमाण मर्यादेखाली आलं. ज्यांच्या घरी बाटलीने दूध पिणारं बाळ होतं त्यांनी तेव्हा आठवडाभर बाहेर जाणं हा समंजस निर्णय होता, असं मी आजही म्हणेन. एकट्या तिशीतल्या माणसाला तसं कारण नव्हतं.

आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून पहिला महिना त्याच्या काळजीचा. सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. तो प्रश्न माती आणि अन्नाचा, आणि तो तपासणीने हाताळला जातो. एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नासाठी किलोमागे १०० बेकेरेलची मर्यादा आहे. आयोडीनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, आणि योग्य वेळी घेतल्या तरच.

६. भारत सरकार विमान पाठवेल का?

त्या आशेवर थांबू नका. २०१५ साली येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’ने आणि २०२२ साली युक्रेनच्या शेजारी देशांतून ‘ऑपरेशन गंगा’ने आपल्या लोकांना आणलं, कारण येमेन आणि युक्रेनमध्ये युद्ध होतं आणि तिथे नेहमीची विमानं जाऊ शकत नव्हती. भूकंपानंतर जपानमध्ये बहुधा एखाद-दुसराच विमानतळ बंद पडतो. २०११ साली त्सुनामीत सेंदाईचा विमानतळ बुडाला आणि महिनाभराने सुरू झाला, पण नारिता, हानेदा आणि कान्साई चालू होते. जायचं असेल तर तिकीट स्वतः काढायचं. टोकियोहून मिळत नसेल तर ओसाका किंवा फुकुओकाहून बघा.

दूतावासाकडे नाव-पत्ता नोंदवलेला मात्र असू द्या. तुमचा फोन लागत नसेल तेव्हा घरचे तिथेच चौकशी करतात. टोकियोत दूतावास आहे, ओसाकात वाणिज्य दूतावास.

७. थोड्या दिवसांसाठी भारतात गेलो तर व्हिसा रद्द होईल का?

नाही, पण एका चौकटीत खूण करायची राहिली तर होईल.

२०११ साली री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, वेगळं काढावं लागायचं, आणि त्या मार्चमध्ये टोकियोच्या इमिग्रेशन कार्यालयाबाहेर त्यासाठी प्रचंड रांगा लागल्या होत्या. जुलै २०१२ पासून वैध पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड असलेल्याला एका वर्षाच्या आत परत यायचं असेल तर वेगळ्या परमिटची गरज नाही. निघताना विमानतळावरच्या कार्डवर ‘विशेष री-एन्ट्रीने परत येणार’ या चौकटीत खूण करायची आणि अधिकाऱ्याला रेसिडेन्स कार्ड दाखवायचं. खूण केली नाही तर तुम्ही कायमचे चालला आहात असं धरलं जातं, कार्डाला भोक पाडलं जातं आणि तुमचा जपानमध्ये राहण्याचा दर्जा तिथेच संपतो. गर्दीत, रडणाऱ्या मुलांसह, रात्रभर जागून ही चूक होते. सोबतच्या सगळ्यांची कार्डं स्वतः तपासा, लहान मुलांचीसुद्धा.

आणखी तीन गोष्टी. ही एका वर्षाची मुदत परदेशातून वाढवून मिळत नाही. तुमच्या दर्जाची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच तुमची मुदत. आणि पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कायमस्वरूपी रहिवासी, असलात तरी मुदतीत परत आला नाहीत तर तो दर्जा जातो. वर्षाहून जास्त लागेल असं वाटत असेल तर निघण्याआधी इमिग्रेशनमध्ये जाऊन नेहमीचं री-एन्ट्री परमिट काढा. ते जास्तीत जास्त पाच वर्षांचं मिळतं.

८. मग वर्षभर निवांत भारतात राहता येईल?

दर्जा टिकेल, पण तो आतून पोकळ व्हायला लागेल. नोकरीच्या, विद्यार्थ्याच्या किंवा डिपेंडंटच्या (जोडीदार किंवा मुलं म्हणून आलेल्यांच्या) दर्जावर असताना त्या दर्जाचं काम योग्य कारणाशिवाय तीन महिने केलं नाही, तर तो रद्द करण्याचा अधिकार इमिग्रेशनला आहे. आपत्ती हे कारण असू शकतं, पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे: कंपनीचं रजेचं पत्र, विद्यापीठाचं पत्र, डॉक्टरांचा दाखला. पर्मनंट रेसिडेन्सीसाठी वर्षं मोजत असाल तर अधिक जपा. सलग तीन महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास ‘सलग वास्तव्य’ तुटलं असं धरलं जाण्याचा धोका असतो.

९. पासपोर्ट घरात अडकला आहे आणि घरात जाता येत नाही. तरी निघता येईल का?

येईल, पण परतीचा विचार करूनच. दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, ते फक्त भारतात जाण्यापुरतं असतं. त्यावर जपानमध्ये परत येता येत नाही. भारतात नवा पासपोर्ट काढावा लागतो. प्रश्न ७ मधली सवलत वैध पासपोर्ट असलेल्यांसाठी आहे, म्हणून या सर्टिफिकेटवर निघण्यापूर्वी तुमच्या री-एन्ट्रीचं काय, हे इमिग्रेशनला विचारल्याशिवाय विमानात बसू नका. धोका टळला असेल तर थोडं थांबून नवा पासपोर्टच मिळवणं बरं. रेसिडेन्स कार्ड हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून, हरवल्याचं कळल्यापासून १४ दिवसांत इमिग्रेशनकडे नव्या कार्डासाठी अर्ज करायचा.

१०. कंपनीला काय सांगू? न सांगता गेलो तर?

न सांगता जाऊ नका. दोन ओळींची ईमेल चालेल: कधी निघतो आहे, कधीपर्यंत परत येईन, फोन कुठे लागेल, कोणतं काम कुणाकडे दिलं आहे. पगारी रजा शिल्लक असेल तर तीच मागा. कळवल्याशिवाय दोन आठवडे गैरहजर राहणं म्हणजे कामावरून काढायला कारण देणं. आणि त्याहून वाईट म्हणजे तुमच्या टीममधले लोक, स्वतःच्या घरची पडझड आवरून कामावर आलेले, तुम्ही जिवंत आहात की नाही हे शोधत बसतात. जपानी ऑफिसात लोक गेले याचा राग फारसा राहत नाही, न सांगता गेले याचा राहतो.

राजीनामा दिलाच तर नोकरी सुटल्याचं इमिग्रेशनला १४ दिवसांत कळवायचं असतं.

११. भारतात बसून त्याच कंपनीचं काम केलं तर?

काही आठवडे सहसा अडचण येत नाही. पण भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतात करपात्र ठरू शकतो. दोन्ही देशांतल्या करारामुळे १८३ दिवसांपर्यंत त्यातून सूट मिळू शकते, तीही पगार देणारी कंपनी भारतातली नसेल आणि बाकीच्या अटी बसत असतील तर. एका आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात झाले की तुम्ही करासाठी भारताचे निवासी ठरता, काहींच्या बाबतीत त्याआधीच. मुक्काम दोन महिन्यांपलीकडे जाणार असं दिसलं की सीएला गाठा. कंपनीची परवानगी लेखी घ्या. ग्राहकाची माहिती देशाबाहेर उघडायला अनेक कंपन्यांत मनाई असते.

१२. नवरा थांबतो म्हणतो, मी मुलांना घेऊन जाऊ का?

बऱ्याच घरांनी हाच मार्ग काढला आणि तो सहसा बरा ठरतो, एक गोष्ट आधी बोलून घेतली तर: किती दिवस. ‘परिस्थिती निवळेपर्यंत’ हे उत्तर नाही. नवऱ्याच्या लेखी ती आठवड्यात निवळते, सासरी बसलेल्या बायकोच्या लेखी सहा महिने निवळत नाही, आणि मधल्या काळात मुलांचं नाव तिकडच्या शाळेत घातलं जातं. तारीख ठरवा. त्या दिवशी पुन्हा बोला. डिपेंडंट दर्जाची तीन महिन्यांची बाब प्रश्न ८ मध्ये आहे.

१३. मी गरोदर आहे.

आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, मग तिकीट पाहा. शेवटच्या महिन्यांत विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि अगदी शेवटी बसूच देत नाहीत. तुमची तपासणीची वही, बोशी तेच्यो, सोबत घ्या आणि महत्त्वाच्या नोंदी इंग्रजीत लिहून घ्या. बाळ जपानमध्ये झालं तर त्याच्या दर्जासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. बाळ भारतात झालं तर त्याला जपानमध्ये आणायला नव्याने व्हिसा लागतो, प्रश्न ७ मधली सवलत त्याला नाही.

१४. आईवडील इथे भेटीला आले आहेत. त्यांना पाठवून द्यावं का?

हो, शक्य तितक्या लवकर. इथे मी ‘अवलंबून आहे’ म्हणणार नाही. मोठ्या आपत्तीत म्हातारी माणसं अनेकदा भूकंपापेक्षा नंतरच्या हालांनी जास्त जातात: थंडी, औषधं चुकणं, पाणी कमी पिणं, हालचाल थांबणं. फुकुशिमा प्रांतात अशा आपत्तीशी संबंधित मृत्यूंची संख्या २,३०० च्या वर गेली. नोतोतही पडझडीत थेट गेलेल्यांपेक्षा नंतर गेलेले जास्त ठरले. ज्यांना भाषा येत नाही आणि ज्यांची रक्तदाबाची गोळी इथल्या दुकानात सहज मिळत नाही, त्यांना धोका दुप्पट. त्यांना एकटं पाठवणं अवघड असेल तर तुम्हीच सोडून या.

१५. घरावर लाल कागद लावला आहे. म्हणजे घर गेलं? भरपाई मिळेल?

लाल कागद म्हणजे आत्ता आत जाणं धोक्याचं. पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे हरकत नाही. ही झटपट तपासणी असते. भरपाई तिच्यावर ठरत नाही. भरपाईसाठी पालिकेकडून ‘रिसाई शोमेइशो’ म्हणजे नुकसानीचा दाखला घ्यावा लागतो. आवराआवर करण्याआधी घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा. ही एकच गोष्ट विसरल्याने लोकांचं फार नुकसान होतं.

घर पूर्ण पडलं असेल तर केंद्राच्या योजनेतून कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लाख येन मिळू शकतात: १० लाख मूळ मदत आणि उरलेले घर पुन्हा बांधलं किंवा विकत घेतलं तर. एकट्या माणसाला याच्या तीन चतुर्थांश. परदेशी नागरिकालाही ती मिळते, भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही. मूळ मदतीसाठी साधारण १३ महिने मुदत असते, म्हणून भारतात जाणार असाल तर दाखल्याचा अर्ज आधी करा. योजना प्रत्येक आपत्तीला लागू होत नाही, पालिकेत विचारा.

भाड्याचं घर राहण्याजोगं उरलं नसेल तर २०२० पासूनच्या कायद्याप्रमाणे भाडं त्या प्रमाणात कमी होतं, आणि घर पूर्ण गेलं असेल तर करारच संपतो. भाडेकरूचा आगीचा विमा भूकंपाने लागलेल्या आगीलाही पैसे देत नाही. त्यासाठी भूकंप विमा वेगळा असतो. पॉलिसी काढून बघा.

१६. कुत्र्याचं काय करू?

निघण्याआधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडून मायक्रोचिप, रेबीजच्या दोन लशी आणि रक्ताची अँटिबॉडी चाचणी झाली असेल तर परत आणणं सोपं जातं. नसेल तर भारतातून आणताना रक्त घेतल्या दिवसापासून १८० दिवस वाट पाहावी लागते. घाईत निघत असाल तर कुत्रा जपानमध्येच मित्राकडे ठेवणं बहुधा त्याच्याही सोयीचं. पण बंद घरात खाणं ठेवून जाऊ नका. २०११ साली फुकुशिमात लोक ‘दोन दिवसांत येऊ’ म्हणून गेले आणि त्यांना परतता आलं नाही.

१७. कायमचंच परतायचं ठरलं आहे. काय विसरू नये?

पेन्शन. बाकी गोष्टी नंतरही निस्तरता येतात, इथली चूक दुरुस्त होत नाही. निदान सहा महिने जपानी पेन्शन भरली असेल आणि दहा वर्षं पूर्ण झाली नसतील, तर जपान सोडल्यापासून दोन वर्षांत एकरकमी रक्कम मागता येते. पण ऑक्टोबर २०१६ पासून भारत आणि जपानमध्ये सामाजिक सुरक्षा करार आहे: जपानची वर्षं आणि भारतातल्या भविष्य निर्वाह निधीची वर्षं एकत्र धरून पेन्शनची पात्रता मोजता येते. एकरकमी पैसे घेतले की जपानची ती वर्षं पुसली जातात. तीन वर्षंच राहिला असाल आणि परत येण्याचा विचार नसेल तर पैसे घ्या. आठ वर्षं झाली असतील तर आधी बसून हिशेब करा. नोकरदारांच्या पेन्शनच्या या रकमेतून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मागण्यासाठी निघण्यापूर्वी जपानमधल्या कुणाला तरी आपला कर-प्रतिनिधी नेमावं लागतं. भारतीय कंपनीने तुम्हाला इथे पाठवलं असेल आणि तुम्ही भारतातच पीएफ भरत असाल, तर जपानी पेन्शन भरलेलीच नसेल. मग हा प्रश्न तुमच्यासाठी नाही.

पालिकेत देश सोडत असल्याची नोंद करा, नाहीतर आरोग्य विम्याची बिलं येत राहतात. एक जानेवारीला जपानमध्ये पत्ता असेल तर त्या वर्षीचा रेसिडेंट टॅक्स द्यावाच लागतो, नंतर निघून गेलात तरी. बँकेला कळवा. भारतात आल्यावर एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, खाती निवासी खात्यांत बदलायची असतात.

मुलं जपानी शाळेत असतील तर शाळेकडून दाखला आणि प्रगतिपत्रक घ्या. टोकियोतल्या सीबीएसई शाळांमधून भारतात बदली घेणं त्या मानाने सोपं असतं.

१८. जपानी सहकारी म्हणतील, संकटात पळून गेला. हे मनातून जात नाही.

२०११ साली निघून गेलेल्या परदेशी लोकांना ‘फ्लायजिन’ (उडून गेलेले परदेशी; ‘फ्लाय’ आणि ‘गायजिन’ मिळून) म्हणून टोमणे मारले गेले, आणि बोलणाऱ्यांत इतर परदेशी लोकच बरेच होते. ते अन्यायाचं होतं. ज्यांच्या घरी तान्हं बाळ होतं, ज्यांना बातम्यांची भाषा कळत नव्हती, ज्यांचे आईवडील आठ तासांच्या विमानप्रवासावर रडत बसले होते, त्यांना भित्रं ठरवायचा अधिकार कुणाला नव्हता.

थांबलेल्यांनाही तेवढाच मान द्या. त्या दिवसांत आपल्यातले कित्येक लोक ईशान्य जपानमधल्या आश्रयस्थानांत गरम जेवण घेऊन गेले, आणि भारताच्या एनडीआरएफचं (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं) पथक ओनागावा या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या गावात शोधकार्य करत होतं. तुम्ही गेला असाल तर परतल्यावर ऑफिसात सरळ सांगा: ‘घरच्यांसाठी गेलो होतो, आता आलो आहे, माझ्या वाटणीचं काम द्या.’ सफाई देत बसू नका.

१९. माझ्या भागात काहीच पडझड नाही. तरी मला रात्री झोप लागत नाही, सारखं हलल्यासारखं वाटतं. एवढ्यासाठी परत जाणं बरोबर आहे का?

न हलणारी जमीन हलल्यासारखी वाटणं मोठ्या भूकंपानंतर खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. तोवर बातम्या दिवसातून दोनदाच पाहा, एकटे राहत असाल तर काही दिवस कुणाकडे तरी राहायला जा. महिन्यानंतरही झोप आली नाही, काम सुचत नसेल, तर डॉक्टरकडे जा; टोकियोत इंग्रजी बोलणारे समुपदेशक मिळतात.

आणि त्यानंतरही इथे राहणं जमत नसेल तर परत जा. पडलेलं घर दाखवता आलं तरच जायचा हक्क आहे, असं कुठे लिहिलेलं नाही. फक्त तो निर्णय पहिल्या महिन्यानंतर घ्या, आणि शक्य असेल तर एकदा भारतात पंधरा दिवस राहून आल्यावर. तिथे झोप लागली आणि इथे आल्यावर पुन्हा गेली, तर ते उत्तर तुमच्या हातात आहे.

२०. अजून काहीच झालेलं नाही. आत्ता काय करून ठेवू?

पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड कधी संपतं ते आज बघा आणि दोन्हींचे फोटो घरच्यांकडे पाठवा. मोठी आपत्ती झाली की १७१ नंबर सुरू होतो, त्यावर आपल्या फोन नंबरखाली निरोप ठेवता येतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तो सरावासाठी खुला असतो. एकदा करून बघा. त्याचंच इंटरनेटवरचं रूप वेब१७१, भारतातल्या घरच्यांना ते उघडून दाखवा. एटीएम बंद पडतात, म्हणून थोडी रोकड घरात असू द्या. आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या अटी, म्हणजे काय झालं तर आपण निघायचं, त्या घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून या आठवड्यात लिहून काढा.